कापसाचा पत्ता

तुमच्या शाळेच्या दाखल्यावर किंवा घरातल्या रेशनकार्डावर तुमचा पत्ता लिहिलेला असतो. कबनूरच्या मुलाच्या दाखल्यावर तो साधारण असा असतो : मु. पो. कबनूर, तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. एवढ्यावर जगातले कोणतेही टपाल कबनूरला पोहोचते.

पण हा पत्ता पुरा आहे का? नाही. राज्य आणि जिल्हा यांच्यामध्ये आणखी एक पायरी आहे. कोल्हापूर जिल्हा हा पुणे महसूल विभागात येतो. जिल्हा आणि तालुका यांच्यामध्येही एक पायरी आहे. हातकणंगले तालुका हा इचलकरंजी उपविभागात येतो. या उपविभागाच्या अधिकाऱ्याला लोक 'प्रांतसाहेब' म्हणतात. पत्रावर आपण पुणे विभाग किंवा इचलकरंजी उपविभाग असे लिहीत नाही, कारण तेवढी गरज पडत नाही. पण जमिनीचे प्रकरण निघाले, जातीचा दाखला काढायचा असला, की याच मधल्या पायरीवर खेटे घालावे लागतात. मधली पायरी रोज दिसत नाही, म्हणून ती बिनकामाची नसते.

सजीवांचे वर्गीकरण करणाऱ्या शास्त्रज्ञांनीही प्रत्येक सजीवाला असाच पत्ता दिला आहे. त्यातल्या मधल्या पायऱ्यांची ही गोष्ट आहे. उदाहरण म्हणून आपण कापूस घेऊ. कबनूरच्या गल्लीतून जाताना यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. शेजारच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे या सगळ्या परिसराची भाकरी सुतावर अवलंबून राहिली. आपल्या शिवारात मात्र ऊसच दिसतो, कापूस फारसा दिसत नाही. सुताची बाचकी येतात, कांड्या भरल्या जातात, ताण्यात बाणा विणला जातो. पण ज्या झाडापासून हे सूत आले त्याची ओळख आपल्यापैकी थोड्यांनाच असते.

आधी मुख्य पायऱ्या पाहू. मराठीत त्यांची नावे अशी आहेत : सृष्टी, विभाग, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती. सृष्टी सर्वांत मोठी, जाती सर्वांत लहान. कापूस वनस्पतिसृष्टीतला आहे. त्याचा गण माल्व्हेलीझ, कुल माल्व्हेसी आणि प्रजाती गॉसिपियम. या प्रजातीत सुमारे पन्नास जाती आहेत. त्यांपैकी फक्त चार जातींची माणूस कापसासाठी शेती करतो.

येथे थोडे थांबून शब्दांविषयी सावध केले पाहिजे. तुम्ही विज्ञान उर्दूतून शिकता. उर्दूत कुलाला 'खानदान', प्रजातीला 'जिन्स' आणि जातीला 'नौअ' म्हणतात. हिंदीच्या पुस्तकात 'प्रजाति' हा शब्द आला, तर तो बहुतेक वेळा 'नौअ' या अर्थाने येतो. मराठीत मात्र प्रजाती म्हणजे 'जिन्स'. एकच शब्द, दोन शेजारणी भाषा आणि दोन अर्थ! आणखी एक गंमत पुढे येणार आहे. मराठीत 'जमात' म्हणजे एकत्र राहणारा लोकसमूह. वनस्पतिशास्त्रात कुल आणि प्रजाती यांच्यामधल्या एका पायरीला आपण येथे जमात म्हणणार आहोत. तुमच्या उर्दूतली आठवीची किंवा नववीची 'जमाअत' ती ही नव्हे. परीक्षेत अशाच शब्दांनी मुले फसतात.

आता प्रश्न असा, की सात पायऱ्या असताना मधल्या पायऱ्या हव्यात कशाला?

स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत त्या ग्रंथापासून रूढ झाली. लिनियस यांच्या मांडणीत मुख्य पायऱ्या पाचच होत्या. कुल ही पायरीसुद्धा नंतर पक्की झाली. तेव्हा माहीत असलेल्या वनस्पती थोड्या होत्या, त्यामुळे एवढ्या कप्प्यांत त्या मावत. नंतर जगाच्या कानाकोपऱ्यातून नवनव्या वनस्पती गोळा होऊ लागल्या. आज एकट्या माल्व्हेसी कुलातच चार हजारांहून अधिक जाती मोजल्या जातात. किराणा दुकानात दहा जिन्नस असतील तर एक फळी पुरते. हजार जिन्नस झाले, की फळीवर डबे आणि डब्यांत पुड्या कराव्याच लागतात.

म्हणून नियम असा झाला, की गरज असेल तेथे मधली पायरी घालावी. ती घालण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे मुख्य पायरीच्या नावामागे 'उप' लावणे : उपकुल, उपप्रजाती, उपजाती. याशिवाय काही स्वतंत्र पायऱ्या आहेत. कुल आणि प्रजाती यांच्यामध्ये 'जमात', प्रजाती आणि जाती यांच्यामध्ये 'सेक्शन', आणि जातीच्या खाली 'प्रकार' व 'रूप'. यातली एखादी पायरी वगळली तरी चालते. पण क्रम बदलता येत नाही. तालुक्याच्या पोटात जिल्हा बसू शकत नाही, तसे जमातीच्या पोटात कुल बसू शकत नाही. हे नियम आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ठरतात आणि दर काही वर्षांनी तपासले जातात. २०२४ साली ही परिषद स्पेनमधील माद्रिद शहरात भरली होती.

नुसते नाव ऐकून ते कोणत्या पायरीवरचे आहे, हे कसे कळावे? त्यासाठी शास्त्रज्ञांनी नावांना ठरावीक शेपट्या दिल्या आहेत. आपल्याकडे एखाद्या नावाच्या शेवटी 'वाडी' आले, की वस्ती लहान असावी असा अंदाज आपण करतो. तो अंदाज चुकूही शकतो. वनस्पतींच्या नावांत मात्र तो चुकत नाही. शेवटी 'एसी' आले, की ते कुल : माल्व्हेसी. 'ऑइडी' आले, की ते उपकुल : माल्व्हॉइडी. नुसता 'ई' आला, की ती जमात : गॉसिपिई. प्राण्यांसाठी शेपट्या वेगळ्या आहेत. मांजराचे कुल फेलिडी. त्याच्या पोटात फेलिनी आणि पँथरिनी ही उपकुले. घरातले मांजर पहिल्यात आणि वाघ दुसऱ्यात. मांजराला वाघाची मावशी म्हणतात ते उगीच नाही. पण उपकुल वेगळे आहे, तेव्हा मावशी जरा लांबची म्हटली पाहिजे.

कापसाचा पुरा पत्ता आता लिहून पाहू. कुल माल्व्हेसी, उपकुल माल्व्हॉइडी, जमात गॉसिपिई, प्रजाती गॉसिपियम. याच उपकुलात आपल्या ओळखीची इतर मंडळी राहतात. भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही सगळी कापसाची भावंडे आहेत. फुले पाहिली तर हे लगेच पटते. जास्वंदीच्या फुलात मधोमध एक लांब नळी असते आणि तिच्यावर परागांच्या पिवळ्या पुटकुळ्या असतात. पुंकेसर एकमेकांना जोडून ही नळी तयार होते. भेंडीच्या फुलात हीच नळी आखूड असते आणि कापसाच्या फुलातही असते. मात्र भेंडी, अंबाडी आणि जास्वंद यांची जमात हिबिस्की आहे, कापसाची गॉसिपिई. गॉसिपिई जमातीतल्या झाडांच्या अंगावर बारीक काळसर ठिपके असतात. त्या ठिपक्यांत गॉसिपॉल नावाचे कडू आणि विषारी द्रव्य असते. सरकी म्हशीला चालते, कारण तिच्या पोटात या द्रव्याचा जोर बराच मोडतो. कोंबड्यांना ती तशीच घातली तर अपाय होतो, आणि सरकीचे तेलही शुद्ध केल्याशिवाय माणसाने खाऊ नये. भेंडीत हे द्रव्य नाही, म्हणून भेंडी आपण बिनधास्त कच्चीसुद्धा चावून खातो. जमात वेगळी आहे, एवढे कळले तरी ते जेवणाच्या ताटापर्यंत उपयोगी पडते.

पायरी ही कायमची नसते, हे दाखवणारे एक झाड आपल्याच रानात आहे. ते म्हणजे काटेसावर. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास त्याची पाने गळतात आणि अंगभर मोठी लाल फुले येतात. पुढे बोंडे फुटून पांढरा कापूस उडू लागतो. हा कापूस कातता येत नाही, पण उशा-गिरद्यांत भरतात. हुकर यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील वनस्पतींवर जो ग्रंथ काढला, त्याचा पहिला खंड १८७५ च्या सुमारास पुरा झाला. त्यात सावरीला माल्व्हेसी कुलातल्या एका जमातीत ठेवले होते. पुढच्या पुस्तकांनी तिला बढती दिली आणि बॉम्बेकेसी नावाचे स्वतंत्र कुल केले. अनेक वर्षे महाविद्यालयांत हेच शिकवले जाई. नंतर वनस्पतींच्या जनुकांची तुलना करता येऊ लागली. १९९८ साली शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने नवी मांडणी प्रसिद्ध केली आणि हे कुल पुन्हा माल्व्हेसीत सामावून घेतले. आज सावरीच्या गटाला बॉम्बेकॉइडी म्हणतात. नाव पाहा. मूळ तेच राहिले, फक्त शेपटी बदलली. 'एसी' जाऊन 'ऑइडी' आले, म्हणजे कुलाचे उपकुल झाले. त्याच वेळी कोकोचे झाड, उन्हाळ्यात ज्याचे सरबत करतात तो फालसा आणि ज्याची पोती विणतात तो ताग, हे सगळे माल्व्हेसीत आले. अशी एकूण नऊ उपकुले या कुलात मानली गेली. कापूस आणि ताग, म्हणजे कापड आणि पोते, आता एकाच खानदानातले आहेत!

सव्वाशे वर्षांत सावर जमात झाली, कुल झाली, उपकुल झाली. झाडाला याचा पत्ताही नाही. त्याची फुले पूर्वी होती तशीच लाल आहेत.

मग शास्त्रज्ञ खेळ करतात का? तसे नाही. यात दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. कोण कोणाच्या पोटात बसतो, म्हणजे कोणाचे कोणाशी किती जवळचे नाते आहे, ही निसर्गातली गोष्ट आहे. ती शोधून काढावी लागते आणि शोध चुकला तर सुधारावी लागते. पण त्या गटाला कुल म्हणायचे, उपकुल म्हणायचे की जमात म्हणायचे, हे माणसाने सोयीने ठरवायचे असते. जालना हे गाव १९८१ पर्यंत तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे ठिकाण होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. त्या दिवशी जालन्याचे लोक, विहिरी, बाजार यांपैकी काहीच बदलले नाही. पायरी बदलली. पण पायरी बदलल्यामुळे तेथे जिल्ह्याची कचेरी आली, कागदपत्रे वेगळी झाली. म्हणून पायरी माणसाने ठरवली असली तरी ती पोकळ नसते.

भेंडीच्या बाबतीत असेच घडले, आणि तिच्या नावाचा इतिहास उर्दू जाणणाऱ्यांना विशेष आवडेल. लिनियस यांनी १७५३ मध्ये भेंडीला जास्वंदीच्याच प्रजातीत घालून हिबिस्कस एस्क्युलेंटस असे नाव दिले. १७८७ साली जर्मनीतील मेडिकस यांनी भेंडीसारख्या वनस्पतींची वेगळी प्रजाती केली आणि तिला अबेलमोशस हे नाव दिले. हा शब्द लॅटिन वाटतो, पण तो अरबी 'अबुल-मिस्क' म्हणजे 'कस्तुरीचा बाप' यावरून आला आहे. भेंडीची एक बहीण कस्तुरभेंडी. तिच्या बियांना कस्तुरीसारखा वास येतो. १८२४ मध्ये स्वित्झर्लंडचे द कँडोल यांना ही फूट पटली नाही. त्यांनी अबेलमोशसला खाली उतरवून हिबिस्कस प्रजातीतला एक सेक्शन केले. पुन्हा १९२४ साली होखरॉयटिनर यांनी त्याला प्रजातीचा मान परत दिला. आज भेंडीचे रूढ नाव अबेलमोशस एस्क्युलेंटस हेच आहे.

होखरॉयटिनर यांनी पुरावा कोणता दिला, हे तुम्ही घरच्या घरी तपासू शकता. परसात भेंडी असेल, तर उमलणारे फूल रोज पाहत राहा. पाकळ्यांच्या खाली जे हिरवे वेष्टन असते, ते भेंडीत एका बाजूने उभे चिरते आणि फूल गळताना पाकळ्यांबरोबर गळून पडते. कोवळ्या भेंडीच्या बुडाशी ते उरत नाही. आता लाल अंबाडीचे बोंड घ्या. तिचे वेष्टन गळत नाही. उलट ते फुगते, लाल होते, आणि आपण त्याचीच आंबट चटणी करतो. दोन भाज्यांमधला एवढा फरक, पण त्यावर एक प्रजाती उभी राहिली. अलीकडे जनुकांच्या अभ्यासातून असे दिसले आहे, की भेंडीचा गट हिबिस्कसच्या मोठ्या झाडोऱ्याच्या आतच कुठेतरी पडतो. म्हणजे हा वाद अजून मिटलेला नाही. भेंडीची भाजी करणाऱ्या आईला याचे काही वाटणार नाही, पण बियाण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्याला एकाच रोपाची सगळी नावे माहीत असावी लागतात. नाहीतर एकच वाण दोन ठिकाणी दोन नावांनी जमा होतो.

आता पुन्हा कापसाकडे येऊ, कारण मधल्या पायरीचा खरा प्रताप तेथे दिसतो.

गॉसिपियम प्रजातीचे चार उपप्रजातींत विभाजन करतात. त्यांची नावे गॉसिपियम, कार्पास, स्टर्शिया आणि हौझिंजेनिया. स्टर्शिया ऑस्ट्रेलियातले रानकापूस आणि हौझिंजेनिया अमेरिकेतले रानकापूस. ते बाजूला ठेवू. आपले काम पहिल्या दोघांशी आहे.

पहिल्या उपप्रजातीचे नाव प्रजातीचेच आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. ही चूक नाही, हा नियम आहे. पुणे शहर, पुणे जिल्हा आणि पुणे विभाग ही तीन वेगळ्या पायऱ्यांवरची एकाच नावाची ठिकाणे आहेत. विभागाला पुण्याचे नाव मिळाले, कारण त्याचे मुख्यालय पुण्यात आहे. वनस्पतींच्या प्रत्येक गटालाही असे एक मुख्यालय असते. गॉसिपियम प्रजातीचे मुख्यालय म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम ही जाती, आपला देशी कापूस. प्रजातीचे कितीही तुकडे झाले, तरी ज्या तुकड्यात आर्बोरियम असेल त्यालाच गॉसिपियम हे नाव मिळते. १९८१ साली रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग झाले. रत्नागिरी शहर ज्या भागात होते, त्याचे नाव रत्नागिरी राहिले आणि दुसऱ्या भागाला सिंधुदुर्ग हे नवे नाव मिळाले. अगदी तसेच. गॉसिपियम उपप्रजातीच्या पोटात पुन्हा गॉसिपियम सेक्शन आणि त्याच्या पोटात गॉसिपियम उपसेक्शन आहे. देशी कापूस सगळीकडे मुख्यालयाच्या खुर्चीवर बसला आहे. त्याची जोडीदारीण जाती गॉसिपियम हर्बेशियम. हीसुद्धा जुन्या जगातली, देशी कापसातच मोडणारी.

दुसरी उपप्रजाती कार्पास. हे नाव ऐकताच कान टवकारले पाहिजेत. संस्कृतात कापसाला कार्पास म्हणतात. त्यावरूनच मराठीत कापूस आणि उर्दू-हिंदीत कपास. सुती कापडाला फारसीत करबास आणि अरबीत किरबास म्हणतात, ते शब्दही याच नात्यातले. म्हणजे शब्द आपल्याकडचा. पण कार्पास या उपप्रजातीत कोण आहे? गॉसिपियम हिर्सुटम आणि गॉसिपियम बार्बाडेन्स, दोघेही अमेरिका खंडातले! एकोणिसाव्या शतकात रॅफिनेस्क या निसर्गशास्त्रज्ञाने हे नाव छापले आणि पुढे ते अमेरिकी कापसांच्या गटाला चिकटले. एकदा रीतसर छापलेले नाव केवळ शोभत नाही म्हणून बदलता येत नाही. त्यामुळे ज्या देशाने कार्पास हा शब्द दिला, त्या देशाचा कापूस कार्पासमध्ये नाही.

नावाची ही गंमत सोडली, तरी या दोन उपप्रजातींमधली भिंत फार जाड आहे. देशी कापसाच्या प्रत्येक पेशीत २६ गुणसूत्रे असतात. कार्पास गटातल्या कापसांच्या पेशीत ५२ असतात. परागकणात आणि बीजांडात निम्मी गुणसूत्रे उतरतात, म्हणजे देशी कापसाची १३ आणि अमेरिकी कापसाची २६. दोघांचा संकर केला, तर रोपाला ३९ गुणसूत्रे मिळतात. पुढच्या पिढीसाठी गुणसूत्रांना जोड्या लावाव्या लागतात. तेथे तेरा गुणसूत्रांना जोडीदारच उरत नाही, म्हणून असे रोप साधारणपणे वांझ निघते. देशी कापसाचे झाड काटक असते. उत्तर हिंदुस्थानात आणि पाकिस्तानात पाने गुंडाळणाऱ्या विषाणूने अमेरिकी कापसाची शेतेच्या शेते बसवली, पण देशी कापसाला तो रोग होत नाही. मात्र देशी कापसाचा तंतू बहुधा आखूड आणि जाड. अमेरिकी कापसाचा तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर आणि बार्बाडेन्सचा ३५ मिलिमीटर किंवा त्याहून लांब असतो. दोघांचे गुण एका झाडात आणावेत, असे कोणालाही वाटेल. पण उपप्रजातीची भिंत आडवी येते.

एकाच उपप्रजातीच्या आत मात्र वाट मोकळी असते. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून 'एच-४' हा संकरित कापूस बाहेर पडला. व्यापारी पिकासाठी वापरलेला तो जगातला पहिला संकरित कापूस मानतात. त्याचे आईबाप दोघेही हिर्सुटम जातीचे होते. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, आपल्या कोल्हापूरपासून फार दूर नसलेल्या धारवाडहून 'वरलक्ष्मी' हा संकर आला. तेथे कटारकी यांनी हिर्सुटम आणि बार्बाडेन्स या दोन वेगवेगळ्या जातींचा संकर केला होता. जाती वेगळ्या, पण दोन्ही कार्पास उपप्रजातीतल्या, दोघांनाही ५२ गुणसूत्रे, म्हणून तो जमला. लांब तंतू मिळाला आणि बारीक सूत देशातच निघू लागले. शेतकऱ्याला उपप्रजाती हा शब्द माहीत असण्याचे कारण नाही. पण संशोधकाला तो माहीत नसता, तर कोणाचा पराग कोणावर टाकायचा हे ठरवण्यात कित्येक वर्षे फुकट गेली असती.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती नसेल तर हिशेब अपुरा राहतो. ही ५२ गुणसूत्रे आली कोठून? साधारण दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातल्या कापसाच्या एका पूर्वजाचा अमेरिकेतल्या एका रानकापसाशी संकर झाला आणि गुणसूत्रे दुप्पट झाली. २६ आणि २६ मिळून ५२. म्हणजे अमेरिकी कापसाच्या पेशीत निम्मा वाटा देशी कापसाच्या नातलगाचा आहे. कार्पास हे नाव त्याला अगदीच परके नाही.

शेवटी जातीच्या खालच्या पायऱ्या. ढाक्याची मलमल तुम्ही ऐकली असेल. अंगठीतून थान काढता येई, अशी तिची ख्याती होती. आताच आपण म्हटले, की देशी कापसाचा तंतू आखूड असतो. तरीही ही मलमल देशी कापसाचीच होती! मेघना नदीच्या काठी पिकणाऱ्या त्या कापसाला बंगालात 'फुटी कार्पास' म्हणत. आखूड तंतूंतून इतके बारीक सूत काढणे, हे तिथल्या कातणाऱ्या बायकांच्या बोटांचे कसब होते. बंगालकडच्या अशा कापसांना इटलीच्या तोदारो यांनी एकोणिसाव्या शतकात वेगळी जाती मानून गॉसिपियम नेग्लेक्टम हे नाव दिले. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'दुर्लक्षित'. पुढे १९३० नंतरच्या दशकात इंदूरच्या संस्थेत काम करणारे हचिन्सन यांनी आशियातल्या कापसांची नव्याने मांडणी केली. या कापसात आणि आर्बोरियममध्ये सहज संकर होतो, संतती वांझ निघत नाही, मग जाती वेगळी कशी, असा विचार पुढे आला. नेग्लेक्टम ही जाती खाली उतरली आणि आर्बोरियमचा एक 'प्रकार' झाली. त्या प्रकारातही बंगाली, बर्मी अशी 'रूपे' केली गेली.

पायरी उतरली, पण नाव टिकले, आणि पुढे तेच कामाला आले. इंग्रजी गिरण्यांच्या कापडापुढे मलमलीचा धंदा बसला आणि फुटी कार्पास शेतांतून नाहीसा झाला. एकविसाव्या शतकात बांगलादेशातल्या लोकांनी ठरवले, की मलमल पुन्हा विणायची. पण बी कोठून आणणार? शेतात, बांधावर, नदीकाठी शेकडो कापसाची झाडे. त्यातला फुटी कार्पास कोणता? तेव्हा संग्रहालयांत वाळवून, कागदावर चिकटवून ठेवलेले जुने नमुने उपयोगी पडले. अशा नमुन्यांखाली सहसा नाव लिहिलेले असते, आणि या कापसाचे नाव म्हणजे जाती आर्बोरियम, प्रकार नेग्लेक्टा. शोधणाऱ्यांनी पानांचा आकार त्या नमुन्यांशी ताडून पाहिला, जनुकांची तुलना केली, आणि जुळणारी झाडे निवडून त्यांची लागवड केली. त्या कापसाचे सूत कातून नवी मलमल विणली गेली. २०२० साली बांगलादेशात ढाक्याच्या मलमलीला भौगोलिक मानांकन मिळाले.